दहावीला युग्मकनिर्मिती शिकवताना वर्ग हसतो, धडा पुढे कसा न्यावा?

तुम्ही विचारलंय, मराठी माध्यमाच्या दहावीला शुक्रपेशी-अंडपेशी कशा तयार होतात हे सांगताना वर्गात खीखी सुरू होते, मग शिकवायचं कसं. मी परळला बरीच वर्षं विज्ञान शिकवते. पहिल्या वर्षी मीही ‘घरी वाचून या’ म्हणून मोकळी झाले होते. त्याची अजून लाज वाटते.

हसू पाच मिनिटांत विरतं, तेवढं हसू द्यावं. खरी गाडी पुढे अडते. वृषणात एका पेशीपासून चार शुक्रपेशी होतात, मग अंडाशयात एकच अंडपेशी का? ‘बाकीच्या ध्रुवीय पेशी’ एवढं मुलं पाठ करतात, कळत काही नाही. मी कुणाचा तरी डबा उघडायला लावते. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी. चौघांत सारखं वाटलं तर? कुणाचंच पोट भरणार नाही. फलनानंतर गर्भाशयात रुजेपर्यंतचा आठवडा मुख्यतः अंडपेशीतल्या शिदोरीवर काढायचा असतो. म्हणून डबा एकीला, बाकीच्यांच्या वाट्याला जवळपास नुसती गुणसूत्रं. शुक्रपेशीचं उलट. विरार फास्ट पकडायची तर गाठोडं कोण घेतं?

46 गुणसूत्रांची 23 कशी होतात ते लोकरीने दाखवा, दोन जोड्या पुरतात. लाल धागे आईकडचे, निळे बाबांकडचे, प्रत्येकाला त्याच रंगाचा जुळा धागा गाठ मारून. पहिल्या विभाजनात जोड्या फुटतात, दुसऱ्यात गाठी सुटतात. हे मुलांच्या हातूनच होऊ द्या. मग 23 जोड्यांच्या वाटण्या किती प्रकारे होतील ते विचारा: 2 चा 23 वा घात, 83,88,608. जोडीतल्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपसात अदलाबदल होते ती वेगळीच.

मुलांमध्ये हे काम वयात आल्यावर सुरू होतं, मुलींमध्ये जन्माआधीच. जन्मतः साधारण 10 ते 20 लाख अपक्व पेशी, वयात येताना 3-4 लाख, आणि आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात जेमतेम 400. तोवर पहिलंच विभाजन अर्ध्यावर थांबलेलं. दुसरं तर शुक्रपेशी आत शिरल्यावरच पुरं होतं.

हे ऐकून एका मुलीने विचारलं, “बाई, म्हणजे मी आजीच्या पोटात होते?” म्हटलं, तू नाहीस, पण तू ज्या अंडपेशीतून झालीस ती जिच्यापासून बनली, ती पेशी आजीच्या पोटातल्या तुझ्या आईत होती, सगळी 46 गुणसूत्रं घेऊन. दुसऱ्या दिवशी ती घरी विचारूनच आली. आजी तेव्हा मालवणला होती.