ब्राउझर निवडताय? आधी रॅम बघा

वेगाच्या तुलनांमध्ये अडकू नका. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे क्रोमियम या एकाच मूळ सॉफ्टवेअरवर उभे आहेत. रोजच्या वापरात त्यांच्या वेगातला फरक सहसा जाणवत नाही. खरी अडचण येते मेमरीची, म्हणजे रॅमची. ४ जीबी रॅम असेल तर कुठलाही ब्राउझर वीस टॅबना दमतोच. म्हणून न वापरलेले टॅब झोपवण्याची सोय सेटिंगमध्ये चालू ठेवा. क्रोम आणि एज दोन्हींत ती आहे.

नवे लोक हमखास करतात त्या चुका:

- दिसेल ते एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी जादा सोय) टाकणं. प्रत्येक एक्स्टेन्शन मेमरी खातं, आणि बरीचशी तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचू शकतात. सुरुवातीला दोन-तीन पुरेत.
- ब्राउझर मंद झाला की लगेच बदलणं. आधी क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. कोणता टॅब किती मेमरी घेतोय ते समोर येईल. बहुतेकदा दोषी एखादाच असतो.

जाहिराती नीट अडवायच्या असतील तर माझं मत सरळ फायरफॉक्सला. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन तिथे अजून पूर्ण ताकदीनं चालतं, क्रोममध्ये आता फक्त त्याची हलकी आवृत्ती मिळते.

दोन ब्राउझर आठवडाभर वापरून बघा. बुकमार्क सहज नेता येतात, त्यामुळे बिनधास्त बदला.