कंपनी काढण्याआधी हवं ते नाव मोकळं आहे का, हे कसं तपासायचं?

एमसीएच्या (कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या केंद्रीय मंत्रालयाच्या) पोर्टलवर नाव टाकून बघितलं, त्या नावाची कंपनी निघाली नाही, तर आता नाव मोकळं समजून अर्ज करू का, असं तुम्ही विचारलंय. नाही, एवढ्यावर समजू नका. अर्ज केलात तर नाव मंजूरही होईल कदाचित. आमचंही झालं होतं, आणि खरी भानगड तिथूनच सुरू झाली.

मी आणि माझे मावसभाऊ (वयाने मोठे, म्हणून सगळेच त्यांना दादा म्हणतात) अशा दोघांनी फिनेल, हँडवॉश, लादी पुसायचं लिक्विड असला माल बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. नाव दादांनी सुचवलेलं. ते इथे लिहीत नाही, कारण ते दुसऱ्याचं आहे. दोन सोपे शब्द जोडून केलेलं, तोंडात बसणारं, ऐकलं की साफसफाईचं काहीतरी असणार हे कळायचं. दादांना त्याचा भारी अभिमान. मला मात्र तीच शंका होती: या धंद्यातल्या कुणालाही सुचेल असं नाव आजवर कुणालाच सुचलं नसेल का?

म्हणून मी म्हटलं, ट्रेडमार्कचा, म्हणजे मालाचं नाव म्हणून कुणी ते आधीच नोंदवलंय का याचा, शोध घेऊ आणि त्याचा रिपोर्ट लेखी मागू. दादा म्हणाले, "तुला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवयच आहे. ट्रेडमार्क वगैरे मोठ्या ब्रँडवाल्यांची कामं. सरकारने नाव दिलं की ते आपलं." कागदपत्रं करणारे कन्सल्टंट होते, त्यांनी तोंडीच सांगितलं की क्लास 3 मध्ये बघितलंय, क्लिअर आहे. दादांना तेवढं पुरलं.

क्लास म्हणजे ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे पाडलेले गट. एकूण 45 आहेत. साबण, डिटर्जंट, सफाईची लिक्विड्स क्लास 3 मध्ये येतात. पण फिनेल हे जंतुनाशक, ते जातं क्लास 5 मध्ये. आमचा निम्म्याहून जास्त धंदा फिनेलचा आणि शोध घेतला फक्त साबणाच्या क्लासमध्ये!

नाव मंजूर झालं, इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट आलं, दादांनी ते फ्रेम करून लावलं. लेबलं छापली, खोकी छापली, टेम्पोवर रंगवून घेतलं. माल बाजारात जरा रुळतोय तोवर रजिस्टर्ड पोस्टाने वकिलाची नोटीस. दुसऱ्या राज्यातली छोटीशी घरगुती फर्म, फिनेलच बनवणारी. त्यांच्या नावाचं स्पेलिंग आमच्यापेक्षा वेगळं, पण उच्चारून बघा, एकच. क्लास 5 मध्ये आमच्या कितीतरी आधी रजिस्टर झालेलं.

नोटिशीत ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, 1999 च्या कलम 29(5) चा हवाला होता. दुसऱ्याचा रजिस्टर्ड ट्रेडमार्क तुम्ही त्याच प्रकारच्या मालाच्या धंद्यासाठी आपल्या कंपनीचं नाव म्हणून वापरलात, तर ते उल्लंघनच. बाटलीवर ब्रँड म्हणून छापायचीही गरज नाही, कंपनीच्या नावात असलं तरी पुरतं.

दादांचं उत्तर तयार होतं: सर्टिफिकेटची झेरॉक्स पाठवून द्या, सरकारी शिक्का आहे त्यावर. आमच्या वकीलबाईंनी ती झेरॉक्स बाजूला सारली आणि आम्हाला कंपनी कायद्याचं, म्हणजे 2013 च्या अ‍ॅक्टचं, कलम 16 वाचून दाखवलं. कंपनी नोंदल्यापासून 3 वर्षांच्या आत ट्रेडमार्कचा मालक सरकारकडे तक्रार करू शकतो. त्यावर रीजनल डायरेक्टर (त्याच मंत्रालयाचा विभागीय अधिकारी) नाव बदलण्याचा आदेश देऊ शकतो आणि आदेशानंतर 3 महिन्यांत नाव बदलावं लागतं. पूर्वी 6 महिने मिळायचे, 2020 च्या दुरुस्तीने ते कमी केले. म्हणजे सरकारने मंजूर केलेलं नाव नंतर सरकारच काढून घेऊ शकतं, आणि हे कायद्यातच लिहून ठेवलंय. आदेश पाळलाच नाही तर काय होतं तेही ऐका. 1 सप्टेंबर 2021 पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे कंपनीचं नावच 'ओआरडीएनसी', पुढे वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा सीआयएन (नोंदणी क्रमांक) असं करून टाकतात. त्या अक्षरांचा अर्थ 'रीजनल डायरेक्टरचा आदेश पाळला नाही'. असं नाव छापलेली फिनेलची बाटली कोण घेईल?

आम्ही आदेशापर्यंत जाऊ दिलं नाही, आपणहून नाव बदललं. पुन्हा नाव राखून ठेवण्याचा अर्ज, विशेष ठराव, फॉर्म आयएनसी-24, नवं सर्टिफिकेट. मग पॅन, जीएसटी, बँक खातं, लायसन्सं, एकेक करत सगळीकडे. शिल्लक माल जुन्या लेबलावर विकायला समोरच्यांनी थोडी मुदत दिली, माणसं समजूतदार होती. छापलेली खोकी रद्दीत गेली. आणि गंमत अशी की नाव बदललेल्या कंपनीला लेटरहेडवर, बिलांवर नव्या नावाबरोबर जुनं नावही 2 वर्षं छापावं लागतं, कंपनी कायद्याचं कलम 12 तसं सांगतं. ज्या नावापायी एवढं रामायण झालं ते प्रत्येक बिलावर हजर, आणि त्यासाठी समोरच्यांच्या वकिलाला वेगळं समजावून सांगावं लागलं. बाजारात बोभाटा झाला तो निराळाच: जुनी कंपनी बुडाली, हे आता दुसऱ्या नावाने आलेत. उधारीवर कच्चा माल देणाऱ्यांनी काही काळ हात आखडता घेतला, तो फटका खोक्यांपेक्षा मोठा होता.

दादा आजही लग्नाकार्यात विषय निघाला की म्हणतात, नशीब खराब. नशिबाचा इथे काहीएक संबंध नाही. ट्रेडमार्कचं रजिस्टर सरकारी वेबसाइटवर उघडं आहे, शोधायला पैसेही पडत नाहीत.

तेव्हा तुमच्या प्रश्नाकडे येतो. एमसीएवर शोधताना पूर्ण नाव टाकू नका, मूळ शब्द टाका, आणि तोही वेगवेगळ्या स्पेलिंगने. कंपनी नोंदणीच्या नियमांतल्या नियम 8 प्रमाणे अनेकवचन, मधली जागा, टिंब, स्पेलिंगची फिरवाफिरव, शब्दांची उलटापालट, पुढे गावाचं नाव, यातल्या कशानेही नाव वेगळं ठरत नाही. ग्रीन टेक्नॉलॉजी असेल तर ग्रीन्स टेक्नॉलॉजी मिळणार नाही, हे उदाहरण नियमातच दिलंय. एलएलपींची (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थांची) नावंही बघा. आरओसीने (कंपनी रजिस्ट्रारने) स्ट्राइक ऑफ केलेल्या, म्हणजे नोंदीतून काढून टाकलेल्या, कंपनीचं नाव बंद पडलंय म्हणून उचलू नका, ते राजपत्रात आल्यापासून 20 वर्षं मिळत नाही. नावात बँक, इन्शुरन्स, स्टॉक एक्स्चेंज असले शब्द घालायचे असतील तर संबंधित नियामकाची परवानगी आधी.

ट्रेडमार्कच्या पब्लिक सर्चमध्ये वर्डमार्क (लिहिलेल्या शब्दावरून) शोध तर घ्याच, पण फोनेटिक शोध चुकवू नका. उच्चारावरून जुळणारी नावं तिथे वर येतात, आमचं तिथेच लगेच सापडलं असतं. आज विकताय त्या मालाचे सगळे क्लास बघा, आणि दोन-तीन वर्षांत जे विकायचा विचार आहे त्याचेही. नुसता अर्ज पडलेला आहे, अजून रजिस्टर झालेला नाही, म्हणून सोडून देऊ नका. नियम 8ए मध्ये अर्जात असलेला ट्रेडमार्कही धरलेला आहे, मालकाची लेखी संमती असल्याशिवाय ते नाव चालत नाही. मग आमचं कसं मंजूर झालं? स्पेलिंग वेगळं होतं, मंत्रालयात तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलं. असं सुटतं, आणि सुटलं म्हणजे आपण वाचलो असं दादांसारख्यांनाच वाटतं.

यापलीकडे जे कुठल्याच यादीत नाहीत ते. प्रोप्रायटरी (एकट्या मालकाच्या) फर्म एमसीएवर दिसत नाहीत, भागीदारी संस्थाही नाहीत. पण ट्रेडमार्क रजिस्टर केला नसला तरी आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क कायदा मानतो, पासिंग ऑफचा, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्याने माल खपवल्याचा, दावा तो करू शकतो. त्यासाठी गूगल, ऑनलाइन विक्रीच्या साइट, आणि सगळ्यात कामाचं म्हणजे तुमच्या मालाचे दोन जुने घाऊक व्यापारी. त्यांना नाव सांगा, ते तिथल्या तिथे सांगतील.

हे सगळं झाल्यावरच स्पाइस प्लसचा (कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्मचा) भाग अ भरा, नाव त्यातच मागायचं असतं. फी 1000 रुपये, दोन नावं देता येतात, हरकत आली तर एकदा रिसबमिशन, म्हणजे पुन्हा अर्ज देण्याची संधी. मंजूर नाव 20 दिवस राखून ठेवतात, म्हणून डिजिटल सह्या आणि पत्त्याचे कागद आधी तयार ठेवा. आणि ट्रेडमार्कचा अर्ज लगेच टाका. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन 4500 रुपये दर क्लासला, बाकीच्यांना 9000. कन्सल्टंटने तोंडी 'क्लिअर आहे' म्हटलं तर कुठले क्लास बघितले ते विचारा आणि रिपोर्ट मेलवर मागा. भागीदार वयाने मोठा असला, त्याला राग आला, तरी मागा.

एक सांगायचं राहिलं, मी वकील नाही, सीएही नाही. वरचं सगळं कंपनीबद्दल आहे. एलएलपीचा कायदा वेगळा, 2008 चा. नाव जुळलं म्हणजे दरवेळी संपलंच असंही नाही. अगदी वेगळ्या मालाच्या क्लासमध्ये तेच नाव दोघांकडे असू शकतं, फक्त समोरचा नावाजलेला ब्रँड नसावा. स्वतःचं आडनाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्यालाही ट्रेड मार्क्स अ‍ॅक्टच्या कलम 35 मध्ये थोडं संरक्षण आहे. यातलं काही तुम्हाला लागू पडत असेल तर अर्जाआधी ट्रेडमार्कच्या वकिलाकडे जा. नुसता कंपनी नोंदणीची पॅकेजं विकणारा माणूस इथे उपयोगाचा नाही.