पीडीएममधली जुनी व्हेरिएबल्स सरळ डिलीट करावीत का?

तुमचा प्रश्न असा: सॉलिडवर्क्स पीडीएम या डिझाइनच्या फायली सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या व्हॉल्टमध्ये (फायलींच्या सामाईक साठ्यात) गेल्या काही वर्षांत शेकडो व्हेरिएबल्स, म्हणजे फायलींबद्दलची माहिती ज्या नावांखाली भरतात ती नावं, साठलीत, त्यातली बरीचशी आता कोणी भरतही नाही. ती उडवली तर काही बिघडेल का?

उडवा, पण ते काम सगळ्यात शेवटी ठेवा. मी सुरुवातच तिथून केली आणि ते चांगलंच अंगाशी आलं. आमच्याकडे एकाच गोष्टीला 'मटेरियल', 'मॅटल' आणि 'मटेरियल न्यू' अशी तीन नावं होती. 'मॅटल' कुठल्याच डेटा कार्डवर (फाइलची माहिती भरायच्या फॉर्मवर) नव्हतं, म्हणून ते बिनधास्त डिलीट केलं. व्हेरिएबल गेलं, पण फायलींच्या आतली 'मॅटल' ही कस्टम प्रॉपर्टी (फाइलमध्येच साठलेली नोंद) जागच्या जागी राहिली. पार्टचा टेम्प्लेटही जुनाच, त्यामुळे नव्या पार्टमध्येही ती येतच होती. मग मॅक्रो चालवून फायलींमधूनही ती काढली. पुढे एकाने जुनं ड्रॉइंग प्रिंटसाठी उघडलं, तर टायटल ब्लॉकमधला (ड्रॉइंगवरच्या माहितीच्या तक्त्यातला) मटेरियलचा चौकोन रिकामा! जुन्या शीट फॉरमॅटमधली (ड्रॉइंगच्या कागदाच्या साच्यातली) लिंक मॉडेलमधल्या त्याच प्रॉपर्टीवरून मजकूर उचलत होती. सुदैवाने मंजूर झालेल्या पीडीएफ शाबूत होत्या.

म्हणून आधी प्रत्येक नाव कुठे कुठे राहतं ते शोधा. डेटा कार्ड सगळ्यांना सुचतं. विसरतं ते सर्च कार्ड (शोधायचा फॉर्म), बीओएम व्ह्यू (लागणाऱ्या भागांची यादी), वर्कफ्लोच्या ट्रान्झिशनवर, म्हणजे फाइल मंजुरीच्या एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना, आपोआप भरलं जाणारं व्हेरिएबल आणि ईआरपीकडे (खरेदी, साठा, हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) जाणारं एक्सएमएल (माहिती पाठवायची फाइल). शेवटचं तर फार फसवं, कारण डिझाइनमधल्या कोणाच्या ते नजरेलाच पडत नाही. ईआरपी सांभाळणाऱ्या खात्यातल्या माणसाला प्रत्यक्ष विचारा.

आणखी एक गोम. कार्डवर '@' टॅबमध्ये (पूर्ण फाइलसाठीच्या नोंदींच्या टॅबमध्ये) जागा रिकामी दिसली की आपण ते व्हेरिएबल मेलेलं धरतो. पण पार्टला चार कॉन्फिगरेशन (एकाच फाइलमधली वेगवेगळी रूपं) असतील तर खरी नोंद त्या त्या कॉन्फिगरेशनच्या टॅबखाली असू शकते. मोजणी करताना सगळे टॅब धरा. मोजण्यासाठी एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला थेट विचारलेला प्रश्न) लावायला हरकत नाही, पण ती फक्त वाचायला. टेबलमधून थेट ओळी उडवायच्या भानगडीत पडू नका.

मग टेम्प्लेट आणि शीट फॉरमॅट दुरुस्त करा, चालू कामातल्या फायलींमधली नोंद योग्य नावाखाली हलवा आणि जुनं खोकं कार्डावरून काढा. कार्डावरून काढल्याने डेटाबेसमधली नोंद पुसली जात नाही, त्यामुळे कोणी ओरडलं तर परत आणता येतं. दोन-तीन महिने तसंच राहू द्या. (आमच्याकडे 'जुना ड्रॉइंग नंबर' काढल्यावर दुसऱ्याच दिवशी मेंटेनन्सवाले आले. ते सगळं त्याच नंबरावरून शोधत होते!)

रिलीज झालेल्या, म्हणजे मंजूर होऊन वापरात गेलेल्या, फायलींना माझ्या मते हात लावू नये. प्रॉपर्टी बदलायची तर फाइल चेक आउट करा (बदलासाठी स्वतःकडे घ्या), परत चेक इन करा (व्हॉल्टमध्ये जमा करा), नवी व्हर्जन तयार होणार. आणि मंजूर ड्रॉइंगची व्हर्जन का वाढली, याचं उत्तर ऑडिटमध्ये तुम्हालाच द्यावं लागणार.

डिलीट करायच्या दिवशी डेटाबेस आणि आर्काइव्ह फोल्डर (जिथे प्रत्यक्ष फायली साठतात) या दोन्हींचा एकाच वेळचा बॅकअप घ्या, आणि आधी चाचणीच्या व्हॉल्टवर करून बघा. नवं व्हेरिएबल बनवायची परवानगी किती जणांकडे आहे, तेही तपासा. आमच्याकडे अकरा जणांकडे होती.