आधी सौजन्य गेले की तडजोडीतला लाभ?

रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या काळात दिवसभर भांडून संध्याकाळी गप्पा मारत बसणारे अमेरिकी राजकारणी आज एकमेकांचे तोंड पाहायलाही तयार का नाहीत, आणि हे सारे ट्रम्प यांच्यामुळेच झाले का, असे आपण विचारले आहे. न्यू जर्सीतल्या माझ्या वास्तव्यातील बरीच वर्षे ग्रीन कार्डाच्या रांगेत गेली. त्यामुळे तिथल्या संसदेत काय शिजते आहे याकडे मी निव्वळ स्वार्थापोटी डोळे लावून बसत असे, आणि त्या पाहण्यातून माझे असे मत झाले आहे की सौजन्य संपले म्हणून तडजोड थांबली, हा क्रमच उलटा आहे. तडजोड करणाऱ्याला शिक्षा होऊ लागली आणि त्यानंतर सौजन्य राखण्याचे कारण उरले नाही.

रेगन आणि प्रतिनिधीगृहाचे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, डेमोक्रॅट सभापती टिप ओनील यांचा स्नेह खरा होता. १९८१ साली रेगन यांच्यावर गोळीबार झाल्यानंतर ओनील त्यांना रुग्णालयात भेटून आले होते. तरीही १९८३ साली सोशल सिक्युरिटी या निवृत्तिवेतन योजनेबाबत जो समझोता झाला, तो स्नेहापोटी झाला असे मला वाटत नाही. योजनेचा निधी आटत चालला होता, सिनेट, म्हणजे वरिष्ठ सभागृह, रिपब्लिकनांकडे होती आणि प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटांकडे. त्यामुळे निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ६५ वरून ६७ करण्याचा आणि वेतनावरील कर वाढवण्याचा असा दुहेरी रोष दोन्ही पक्षांनी वाटून घेतला. शिवाय तेव्हाचे पक्ष आतून मिश्र होते. ओनील यांच्याच पक्षातील दक्षिणेकडचे पुराणमतवादी सदस्य अनेकदा रेगन यांच्या बाजूने मत देत असत.

ही मिश्रणाची गोष्ट आठवणींच्या ओघात फार गोड करून सांगितली जाते, म्हणून तिची दुसरी बाजूही मांडतो. दक्षिणेतील डेमोक्रॅट आणि उत्तरेतील डेमोक्रॅट एका छताखाली नांदू शकत होते, ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा प्रश्न दशकानुदशके अडवून ठेवल्यामुळेच. अडवणारे गृहस्थ बोलण्यात अत्यंत मृदू आणि मर्यादाशील असत. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला, त्यात ३३ पैकी २७ रिपब्लिकनांनी बाजूने मत दिले आणि दक्षिणेतील बहुतेक डेमोक्रॅटांनी विरोधात. त्यानंतर दक्षिणेतील गोरा पुराणमतवादी मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे सरकला आणि दोन्ही पक्ष आतून एकजिनसी होत गेले. जुन्या सौजन्याची किंमत कोणी चुकवली होती, हे विसरून त्याबद्दल हळहळणे मला जमत नाही.

प्रतिनिधीगृहातील रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच यांचा वाटा मात्र ट्रम्प यांच्याही आधीचा आणि मोठा आहे. प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन पक्ष सलग ४० वर्षे अल्पमतात होता. सभ्यपणे सहकार्य करून पदरात काय पडले, हा गिंग्रिच यांचा प्रश्न तसा चुकीचा नव्हता. १९७९ पासून सभागृहाचे थेट प्रक्षेपण सुरू झाले होते. त्याचा फायदा घेऊन ते आणि त्यांचे सहकारी कामकाज संपल्यावर रिकाम्या सभागृहात विरोधकांवर तोफा डागत असत. १९८४ साली ओनील यांनी कॅमेरे फिरवून ते रिकामे बाक देशाला दाखवायला लावले, पण त्याने गिंग्रिच यांची प्रसिद्धी वाढलीच. १९९० साली त्यांच्या संघटनेने उमेदवारांना शब्दांची यादीच पुरवली, ज्यात विरोधकांसाठी ‘देशद्रोही’, ‘भ्रष्ट’ असे शब्द सुचवले होते. १९९४ साली बहुमत मिळाले. तेव्हापासून सत्ता दर दोन वर्षांनी हातची जाऊ शकते, मग विरोधकाला यशाचा वाटा द्यायचाच कशाला, हा हिशेब पक्का झाला.

तो हिशेब मी प्रत्यक्ष कसा पाहिला ते सांगतो. २०१३ साली दोन्ही पक्षांच्या मिळून आठ सिनेटरांनी स्थलांतराचे एक व्यापक विधेयक तयार केले. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून अधिक वाटा न देण्याची जी मर्यादा आहे, आणि जिच्यामुळे आपल्यापैकी अनेकांची रांग लांबली आहे, तीही त्यात उठवली जाणार होती. सिनेटमध्ये ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत झाले, १४ रिपब्लिकनांनी साथ दिली, आणि आमच्याकडे त्या आठवड्यात पेढे वाटण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. प्रतिनिधीगृहाचे रिपब्लिकन सभापती जॉन बेनर यांनी ते विधेयक प्रतिनिधीगृहात मतदानाला आणलेच नाही, कारण स्वपक्षातील बहुसंख्य सदस्यांचा त्याला विरोध होता. पुढच्या जूनमध्ये सभागृहातील रिपब्लिकनांचे दुसऱ्या क्रमांकाचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियातील पक्षांतर्गत निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत) एका फारशा परिचित नसलेल्या प्राध्यापकाकडून हरले. कँटर स्थलांतरितांबाबत मवाळ आहेत, हा त्या प्रचारातला मुख्य आरोप होता. मतदान झाले जेमतेम ६५ हजार. इतक्या मोजक्या कट्टर मतदारांच्या हाती आपली खुर्ची आहे, हे इतर सदस्यांनी त्या रात्री नीट समजून घेतले.

२०२३ साली हाच धडा आणखी उघडपणे मिळाला: डेमोक्रॅटांच्या मतांवर सरकारचा खर्च चालू ठेवणारे रिपब्लिकन सभापती केविन मॅकार्थी यांना काही दिवसांतच २१६ विरुद्ध २१० मतांनी पदावरून काढण्यात आले.

आता ट्रम्प. पक्षांतर्गत निवडणुकीची ही भीती त्यांनी निर्माण केली नाही. त्यांनी ती एका माणसाच्या हाती एकवटली. २०२४ च्या फेब्रुवारीत दोन्ही पक्षांनी घडवलेले सीमासुरक्षेचे विधेयक त्यांच्या विरोधानंतर सिनेटमध्ये बारगळले, हे त्याचे उदाहरण. ६ जानेवारी २०२१ चा ट्रम्प समर्थकांचा संसदभवनावरील हल्ला मात्र कृपया असभ्यतेच्या खात्यात मांडू नये. मतमोजणी बळाने थांबवू पाहणे हा शिष्टाचाराचा भंग नसून वेगळ्याच जातीचा अपराध आहे.

तडजोड पूर्णपणे मेलेली नाही, हेही नोंदवतो. २०२१ साली रस्ते-पुलांचा मोठा कायदा सिनेटने ६९ विरुद्ध ३० मतांनी संमत केला. आणि आमच्या त्या देशनिहाय मर्यादेबाबत तर २०१९ साली प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ असे मतदान झाले, २०२० च्या डिसेंबरात सिनेटनेही आपला वेगळा मसुदा एकमताने संमत केला. तेव्हा कोणी कोणाला शिवी दिली नव्हती. दोन मसुद्यांचा मेळ घालायला उरलेले काही आठवडे पुरले नाहीत, जानेवारीत नवी संसद आली आणि दोन्ही विधेयके आपोआप रद्द झाली.