तलवारीची 'ओरिगामी'

प्रश्न असा आहे: जुन्या जपानी तलवारीबरोबर 'ओरिगामी' असते असं वाचलं. पोलादाच्या घड्या घालतात म्हणून हे नाव का? आणि मराठीत ती ओरिगामी की ते?

पोलादाच्या घड्यांशी या शब्दाचा काडीचाही संबंध नाही. ही भाकडकथा इतक्यांदा ऐकली आहे की आता चीड येते. लोहार तापलेलं पोलाद ठोकतो, दुमडतो, पुन्हा ठोकतो, हे खरं. दहा-पंधरा वेळा दुमडलं की हजारो थर होतात. पण त्या कृतीचं नाव 'ओरिकाएशी'. 'ओरिगामी'त ओरि म्हणजे दुमडणं आणि कामि म्हणजे कागद. समासात 'क'चा 'ग' झाला. (वाक् + ईश = वागीश. नियम निराळा, पण मराठी कानाला हा बदल नवा नाही.) शब्दातच कागद असताना पोलाद कुठून शोधता?

हा कागद म्हणजे पारख्याचा दाखला. क्योतोच्या होनआमी घराण्याची पिढीजात कामं तीन: तलवारी पाजळणं, पुसून निगा राखणं आणि पारखणं. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी आणि पुढे तोकुगावा घराण्याचे सत्ताधीश, यांच्या पदरी त्यांचा शब्द अखेरचा. कागद लांबीत मधोमध दुमडायचा आणि दर्शनी अर्ध्यावर लिहायचं: कारागीर कोण, पातं किती लांब, सोन्याच्या नाण्यांत मोल किती. घडीच्या कागदावर लिहिलेला म्हणून ओरिगामी.

आणि पारख कशी! मुठीतली बांबूची खुंटी काढून मूठ उतरवायची आणि आत दडलेलं पात्याचं टोक उजेडात धरायचं. तिथला गंज कधीच घासायचा नाही, कारण त्याचा रंग वय सांगतो. तिथेच कानशीच्या रेघा, तिथेच कारागिराची सही. मात्र लांब तलवार त्या टोकाकडून कापून आखूड केली की बहुधा सहीही जाते. मग उरते धारेलगतची धूसर पांढरी रेघ, 'हामोन'. पाणी देण्याआधी पात्याला माती लिंपतात, पाठीवर जाड, धारेवर पातळ. त्यातून ही रेघ उमटते. तिच्यावरून कारागिराचं घराणं ओळखायचं, तेव्हा कुठे दाखला.

म्हणूनच आजही जपानीत खात्रीच्या माणसाला 'ओरिगामित्सुकि', दाखला जोडलेला, म्हणतात. कोणी हा वाक्प्रचार भेटवस्तूंच्या यादीवरून आला म्हणेल, कारण तीही घडीच्या कागदावर लिहीत. मला मुळीच पटत नाही. यादी वस्तू मोजते, खरं-खोटं ठरवत नाही. याच्या उलट 'फुदात्सुकि', चिठ्ठी लागलेला, म्हणजे बदनाम. एक कागद इभ्रत देतो, दुसरा घालवतो. ही जोडी मला फार आवडते.

कागदी पक्ष्यांच्या खेळाची जुनी नावं 'ओरिसुए', 'ओरिकाता'. 'ओरिगामी' हे नाव त्याला पुढे चिकटलं. लिंगाचं म्हणाल तर कलेसाठी स्त्रीलिंग रुळलं आहे, तेच दाखल्यालाही चालवा.