बदल ‘घडतात’ की ‘करतात’? एका पत्रकावरून आलेला प्रश्न

सातपूरच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभाग सांभाळणाऱ्या वाचकाने विचारलं आहे: हजेरी आणि पाळ्यांच्या नव्या पद्धतीचं पत्रक काढायचं आहे. साहेबांनी ‘कंपनीत बदल घडत आहेत’ असं सुचवलं, एका सहकाऱ्याने त्याचं ‘बदल घडवून आणत आहोत’ केलं, दुसऱ्याने ‘पद्धत बदलवत आहोत’. यातलं बरोबर कोणतं?

व्याकरणाच्या दृष्टीने पहिल्या दोन्हींत खोट नाही. पण पत्रक वाचणारा कामगार एकच गोष्ट शोधत असतो: हे ठरवलं कोणी? आणि त्याचं उत्तर क्रियापदात दडलेलं असतं.

‘घडणे’मध्ये करणारा दिसत नाही. अपघात घडतो, योग घडतो, तसे बदल घडतात. वरच्या मंडळींना हे क्रियापद सोयीचं वाटतं, कारण त्यात जबाब कोणाकडे मागायचा ते कळत नाही. भरीला, ‘बदलणे’ मराठीत अकर्मकही आहे आणि सकर्मकही. ‘ऋतू बदलला’, ‘मी शर्ट बदलला’, रूप एकच. म्हणून ‘पाळीची वेळ बदलली आहे’ एवढंच लिहिलं की ती आपोआप बदलली की कोणी बदलली, हे गुलदस्त्यातच राहतं. मला हे मनापासून खटकतं. ओझरहून पहाटेची बस धरून पहिल्या पाळीला येणाऱ्या माणसाचा सगळा दिवस त्या वाक्याने हलतो. त्याला वाक्यात कर्ता मिळालाच पाहिजे.

‘घडवणे’ दुसऱ्या टोकाला जातं. सोनार दागिना घडवतो तेव्हा घाट त्याच्या डोक्यात आधीच ठरलेला असतो आणि सोन्याला कोणी विचारत नाही. ‘आम्ही बदल घडवून आणला’ हे वार्षिक अहवालात खपतं. फलकावर तेच वाचणाऱ्याला मात्र आपण सोन्याच्या जागी आहोत हे लगेच जाणवतं.

व्यवस्थापनशास्त्रात समाजमानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांची १९४७ सालची मांडणी अजून शिकवतात: गोठलेलं आधी सैल करा, हलवा, मग पुन्हा गोठू द्या. मराठीला हे सांगायला ‘घडी’ पुरते. जुनी घडी मोडते, काही दिवस सगळं विस्कटलेलं असतं, मग नवी घडी बसते. यात लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी की मोडण्याचं काम साहेब एका सहीने करू शकतात. शेवटच्या टप्प्याची क्रियापदं पाहा: घडी बसते, पद्धत रुळते, सवय अंगवळणी पडते. अंगवळणी पाडून घेता येतं, पण स्वतःच्याच; दुसऱ्याच्या अंगवळणी काही पाडता येत नाही. नवी पद्धत सुरू झाल्याच्या दिवशीच ‘बदल यशस्वीपणे घडवला’ म्हणून पेढे वाटणारे इथेच फसतात. (शब्दांचंही असंच आहे. ‘महापौर’ हा शब्द भगूरच्या सावरकरांनी दिला, पण रुळला तो लोकांच्या तोंडी बसला म्हणून.)

आणखी एक गोष्ट पत्रक लिहिताना उपयोगी पडेल. ‘बदल’ मूळचा अरबी, अर्थ एकाच्या जागी दुसरं येणं. ‘बदली’, ‘बदला’, ‘मोबदला’, एवढंच काय ‘बद्दल’सुद्धा त्याच घरातले. म्हणजे बदल म्हटलं की देवाणघेवाण आलीच: काय गेलं आणि त्याच्या जागी काय मिळालं. बहुतेक पत्रकं नवीन काय आलं तेवढंच सांगतात. हजेरीच्या वहीवरची सही जाऊन अंगठा लावायचा असेल, तर वही कधी बंद होणार, यंत्राने अंगठा घेतला नाही तर कोणाला भेटायचं, उशिराची सवलत राहणार की जाणार, हे सगळं त्याच कागदावर हवं.

माझा कौल साध्या ‘करणे’ला. ‘येत्या एक तारखेपासून व्यवस्थापन हजेरीच्या पद्धतीत पुढील बदल करत आहे’ असं लिहा आणि खाली निर्णय घेणाऱ्याचं पद व सही येऊ द्या.

राहिलं ‘बदलवणे’. ते कानावर पडतं, विदर्भात जास्त, आणि बोलताना कोणी वापरलं तर मी टोकणार नाही. पण ‘बदलणे’ स्वतःच सकर्मक चालत असताना लेखी मजकुरात त्या ‘व’ची गरज नाही, ‘आम्ही पद्धत बदलत आहोत’ पुरेसं आहे.