ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला खेळाडू निवृत्तीनंतर कोच कसा होतो? मोठा खेळाडू असेल तर सोपं जातं का?

सोपं जातं, असं माझा नवरा 2011 पासून म्हणतोय, म्हणून लिहायला बसले.

रस्ता साधारण असा: निवृत्ती, कुठल्या तरी क्लबात डेव्हलपमेंट कोच, मग राखीव संघ, मग असिस्टंट, आणि नशिबात असेल तर सीनियर कोच. मोठी नावं मधल्या पायऱ्या गाळतात आणि आपटतात. मायकेल वॉस ब्रिस्बेनचा कॅप्टन म्हणून तीन प्रीमियरशिप (म्हणजे सीझनचं विजेतेपद) जिंकला, कोचिंगचा काही अनुभव नसताना 2009 ला ब्रिस्बेनचा कोच झाला आणि 2013 ला घरी गेला.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो, नवरा कॉलिंगवुड क्लबचा कट्टर चाहता. 2010 ला कोच मिक मॉल्टहाउसने त्यांना प्रीमियरशिप मिळवून दिली, पुढच्या वर्षीही फायनलला नेलं, आणि आधीच ठरल्याप्रमाणे खुर्ची नेथन बकलीकडे गेली. बकली म्हणजे 280 सामने, सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक. 2002 ची फायनल हरूनही सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू तोच. नवरा पेढे वाटायचाच बाकी होता. मी म्हटलं, जिंकणारा माणूस कशाला बदलता? तर म्हणे, "तुला फूटीतलं काय कळतं?"

हेच पुन्हा ऐकलं ते मुलाच्या ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फूटी वर्गाला. कोच मिळेना म्हणून मी हात वर केला. मिरजेत शाळेत खो-खो खेळलेली मी, त्या लांबुळक्या चेंडूला पस्तिशीत पहिल्यांदा पाय लावला. तिथे एका मुलाचे वडील होते, गावाकडच्या लीगमध्ये खेळलेले. किक बघत राहावी अशी. एका पोराने विचारलं, कशी मारायची? "अशी!" म्हणून त्यांनी चेंडू सरळ गोलखांबांमधून घालवला. पोराला काही कळेना. पुन्हा "अशी!" पोराचा चेंडू मात्र तिरका होऊन चिखलात.

मी दोन महिने परसातल्या कुंपणावर चेंडू आपटून शिकले होते, कुठे चुकतं ते मला पाठ होतं. त्याला म्हटलं, पायाचं विसर, हाताकडे बघ. उजव्या पायाने मारतोस ना, मग उजवा हात शेवटपर्यंत चेंडूवर. वर उडवू नको, नुसता खाली सोड. हातात जसा उभा आहे तसाच पायावर आला पाहिजे. पंजा ताठ. तिसऱ्या खेपेला चेंडू उलट्या गिरक्या घेत नीट गेला. ते गृहस्थ माझ्या नवऱ्याला म्हणाले, "ही कधी खेळलीय का?" आणि आमचे हे हसले!

तर बकली. दहा सीझन, 2018 ची फायनल पाच गुणांनी हातची गेली, 2021 च्या मध्यात पायउतार. टीम त्या वर्षी सतरावी. मग आला क्रेग मॅकरे. ब्रिस्बेनचा छोटा फॉरवर्ड, 195 सामने, पोस्टरवर कोणी लावला नसता. रिचमंडच्या राखीव संघाला 2019 ची व्हीएफएल (व्हिक्टोरियातली दुय्यम लीग) जिंकून दिली, एक वर्ष हॉथॉर्नला असिस्टंट. अशी वर्षं घासली की ज्याला जमत नाही त्याच्याशी बोलायची सवय लागते. दुसऱ्याच वर्षी, 2023 ला, कॉलिंगवुड चॅम्पियन. तेही ब्रिस्बेनलाच चार गुणांनी हरवून.

ली मॅथ्यूजचं नाव कोणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगते. 332 सामने, 915 गोल, आणि कोच म्हणूनही चार प्रीमियरशिप. तो माझ्या म्हणण्यात बसत नाही, मान्य. वॉसही नंतर पोर्ट ॲडलेडला सात वर्षं असिस्टंट राहिला आणि 2023 ला कार्लटनचा कोच म्हणून त्यांना प्रिलिमिनरी फायनलपर्यंत, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीपर्यंत घेऊन गेला.

कॉलिंगवुडने 2023 ची फायनल जिंकली त्या रात्री नवऱ्याच्या डोळ्यात पाणी होतं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "यातली निम्मी पोरं बकलीनेच घडवलीत." निम्मी नसतील, पण बरीच होती. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.